मारिपोसाची एक चिप कमी

भांडी घासून झाली की व्हर्लीन टॅकेट नळ बंद करायची, दोन्ही हात छातीपुढं धरून एक टाळी वाजवायची, तळवे छताकडं उताणे करायची, पुन्हा पालथे, आणि मगच हात पुसायची. बँकेच्या खिडकीवरून निघताना तेच. केस कापून खुर्चीतून उठताना तेच. रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी शेजारणीकडं सरकवली की तेच, आणि ते बघून नवे पाद्री पहिल्यांदा चांगलेच दचकले होते. एकोणतीस वर्षं तिनं लास व्हेगासच्या जुन्या पेठेत, मारिपोसा हॉटेलच्या कॅसिनोत ब्लॅकजॅकचे पत्ते वाटले. टेबल सोडताना हाताला काही चिकटलेलं नाही हे छताला दाखवायचं, हा तिथला रिवाज. छतात आरशाआड माणसं पालथी पडून खाली बघत असायची. पुढं त्यांच्या जागी कॅमेरे आले. मग टेबलं गेली, छत गेलं, सत्त्याण्णव साली सुरुंग लावून अख्खं हॉटेल खाली बसवलं, पण ही बातमी तिच्या हातांपर्यंत काही पोचली नाही.

नवऱ्याच्या, लोवेलच्या, अंत्यविधीला तिनं त्याच्या कोटाच्या खिशात मारिपोसाची एक काडेपेटी ठेवली, शवपेटीपासून मागं सरली आणि टाळी वाजवून तळवे वर केले. मागच्या बाकावर तिची मैत्रीण डॉली आर्चुलेता बसली होती. ती एकदमच हसली आणि रडली. "वरनं देव बघत हुता, त्याला बी हात दावलंस व्हय गं?" असं ती पुढं तीन वर्षं विचारत राहिली.

लोवेलच्या माघारी व्हर्लीनला मारिपोसाचाच काय तो संसार उरला. तिच्या बैठ्या घराची मागची खोली त्या संसारानं गच्च भरली होती. मारिपोसा म्हणजे फुलपाखरू, म्हणून तिथल्या प्रत्येक वस्तूवर पंख पसरलेलं एक फुलपाखरू. एकशे बारा राखदाण्या. काडेपेट्यांचे बुटांचे खोके भरून थर. ज्यात स्वस्तातली कोळंबी मिळायची ते काचेचे पेले. हॉटेल बंद झाल्यावरच्या विक्रीत घेतलेलं ४१४ नंबरच्या खोलीचं दार, बिजागऱ्यांसकट. लिफ्टमधलं पितळी फुलपाखरू. आणि एका लोणच्याच्या बरणीत, हॉटेल पडलं त्या दिवशी रस्त्यावरून खरवडून आणलेली धूळ. या बरणीला ती कुणाला हात लावू देत नसे.

राखदाण्या, काड्या, चमचे लोक सर्रास उचलून नेत, आणि मालकालाही ते हवंच असे, फुकटची जाहिरात. डॉलीनं तिथं चोवीस वर्षं गिऱ्हाइकांना दारू पोचवली. तिच्या घरात आजही एकही चमचा विकतचा नाही. पण चिपेचं निराळं. चिप म्हणजे टेबलावर पैशांऐवजी मांडायची गोल चकती, म्हणजे पैसाच. गिऱ्हाइकानं आठवण म्हणून चिप घरी नेली तर त्याची मर्जी. कामगारानं नेली तर चोरी, मग ती एक डॉलरची का असेना.

हे डॉलीला कुणी शिकवायला नको होतं. तिचा धाकटा भाऊ रमोन एकोणऐंशी साली मारिपोसाच्या पिंजऱ्यात होता. पिंजरा म्हणजे जाळीआडची ती खोली, जिथं पैशांच्या चिपा आणि चिपांचे पैसे करून मिळत. रमोननं एक डॉलरची चिप बुटात घालून नेली आणि पकडला गेला. नोकरी गेली, शेरीफच्या कचेरीनं कामाचं कार्ड काढून घेतलं, आणि त्या कार्डाशिवाय या गावात कॅसिनोची फरशी पुसायलाही कुणी ठेवत नाही. रमोन आल्बुकर्कीला गेला, नळ बसवायची कामं करू लागला, तो तिकडचाच झाला. त्याला पकडून देणारा होता पिंजऱ्याचा मुख्य, लोवेल टॅकेट.

त्यावर डॉली दीड वर्ष व्हर्लीनशी बोलली नाही. मग एका दिवशी ताटभर मक्याचे उकडलेले तामाले घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तुझा नवरा लाकडाचा हाय. पर सरळ लाकडाचा. घे, गरम हाईत तवर खा." तो विषय तिथं मिटला. मिटला म्हणजे, दोघींनी त्याच्यावर झाकण ठेवलं.

सरळ लाकूड, हे लोवेलचं वर्णन गावानं मान्य केलं होतं. हिशेबात नाणंभर फरक आला तर तो घरी जेवायला यायचा नाही. व्हर्लीनला नवऱ्याचा कधी कधी वीट यायचा, पण त्याच्या सरळपणाबद्दल तिला कधी विचारच करावा लागला नव्हता. जमिनीबद्दल आपण कुठं विचार करतो?

त्या वर्षी मे महिन्यात गावच्या वाचनालयानं तिला एक आख्खं काचेचं कपाट देऊ केलं. ‘मारिपोसा : व्हर्लीन टॅकेट यांचा संग्रह’ अशी पाटी. शनिवारी उद्घाटन. ही सगळी खटपट वॉरन ह्युबेलची. हा दातांचा डॉक्टर. चिपा जमवणाऱ्यांच्या मंडळाची मोठी यादी तो ठेवायचा, आणि मारिपोसाची कुठली चिप खरी, कुठली मागाहून कुणीतरी छापलेली खोटी, हे ठरवायचं झालं की व्हर्लीनला विचारायचा. तिनं हातात घेऊन "हॅट!" म्हटलं की यादीत ‘खोटी’ असं चढायचं. एकोणतीस वर्षं ज्या बोटांनी त्या चिपा सरकवल्या, त्यांच्याशी वाद कोण घालणार?

सोमवारी सकाळी ऊन तापायच्या आत ती छपरावरच्या कूलरची पत्र्याची बाजू बसवत होती. एक स्क्रू घरंगळून गेला. खाली उतरून तिनं गॅरेजमधला लोवेलचा कॉफीचा डबा काढला. स्क्रू, खिळे, वायसर, कशाकशाच्या किल्ल्या. हवा तो स्क्रू मिळेना, म्हणून डबा वर्तमानपत्रावर पालथा केला. सगळ्यात शेवटी, बुडाशी चिकटलेली, एक चिप पडली.

नारिंगी. पंचवीस डॉलरची. कडेवर मारिपोसाचं नाव. आणि मधोमध फुलपाखरू, पण पंख मिटलेलं.

व्हर्लीन वर्तमानपत्रावरच बसली. मारिपोसाची पंचवीसची चिप हिरवी असायची. फुलपाखरू पंख पसरलेलं. हे तिला स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. तिनं ती बोटांवर तोलली, अंगठ्यानं कड चाचपली. वजन बरोबर, कड बरोबर, चिप ज्या मातीची घडवतात ती माती ओळखीची. बोटं म्हणत होती, आपलीच. डोळे म्हणत होते, बापजन्मात पाहिली नाही.

"हॅट!" ती डब्याला म्हणाली. पण त्यात जोर नव्हता.

मंगळवारी दुपारी ती दवाखान्यात गेली. ह्युबेलनं एका म्हाताऱ्याच्या तोंडात कापूस कोंबून त्याला थांबायला सांगितलं आणि तिला आतल्या खोलीत नेलं.

"खोटी आहे, डॉक्टर," व्हर्लीन आधीच म्हणाली. "कुणीतरी लोवेलच्या गळ्यात मारली असणार. मला एवढंच सांगा, कुणी बनवली."

ह्युबेलनं दात तपासायच्या दिव्याखाली चिप धरली. भिंग लावलं. कड बघितली, उलटी केली, परत सुलटी. मग खुर्ची ओढून बसला.

"मिसेस टॅकेट, ही खोटी नाही."

"मी एकोणतीस वर्षं..."

"तुम्ही हिला बघितलंच नसणार. कुणीच नाही. प्रत्येक हॉटेल चिपांचा दुसरा एक संच कुलपात ठेवतं. रंग वेगळा, चित्र वेगळं. बाहेर कुणी खोट्या चिपा पाडायला लागलं, तर एका दिवसात सगळ्या टेबलांवरच्या उचलायच्या आणि हा संच मांडायचा. मारिपोसावर ती वेळ कधी आली नाही. तो संच जन्मभर अंधारातच राहिला."

"मग आता?"

"आता काय! हॉटेल बंद झालं तेव्हा सरकारी माणसांसमोर सगळ्याचा भुगा केला. त्याचा कागद आहे माझ्याकडं." त्याला कागदही जमवायची खोड होती. त्यानं फायलीतून एक पान काढलं आणि मग एकदम आपण हे काढायला नको होतं असा चेहरा केला. पण व्हर्लीननं ते घेतलं होतं.

नारिंगी, पंचवीस डॉलर, मागवल्या सहाशे. नष्ट केल्या पाचशे नव्व्याण्णव. एक कमी. खाली सही. ती सही तिनं चाळीस वर्षं वाणसामानाच्या यादीवर, वाढदिवसाच्या कार्डावर, बँकेच्या चेकवर बघितली होती.

"म्हणजे त्याला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हॉटेलच मोडत होतं. एका चिपेसाठी कोण मागं लागतंय?" ह्युबेल घाईघाईनं म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांत जमवणाऱ्याची ती चमक आलीच. "पण जगात ही एकच आहे, मिसेस टॅकेट! शनिवारी कपाटात मधोमध हीच ठेवू. फक्त खाली कार्डावर लिहायला लागेल, कुणाकडून आली. त्याशिवाय ठेवता येत नाही, वाचनालयाचा नियम आहे."

"कुणाकडून आली," व्हर्लीन पुटपुटली. तिनं चिप त्याच्या टेबलावर ठेवली, टाळी वाजवली, तळवे वर केले. दाराशी गेल्यावर तिच्या लक्षात आलं की चिप मागंच राहिली. ती परत फिरून घेऊन आली. आतून कापसाच्या तोंडाचा म्हातारा काहीतरी बोंबलत होता.

बुधवारचा अख्खा दिवस ती मागच्या खोलीत बसून होती. काय जुळवावं तेच कळेना. त्या कुलपाच्या किल्ल्या दोघांकडं असायच्या, त्यातला एक लोवेल. समजा, त्यानंच घेतली. मग विकली का नाही? बरं, आठवण म्हणून घेतली म्हणावं, तर या खोलीत का नाही ठेवली, स्क्रूंच्या डब्यात का? आणि घेतलीच होती तर स्वतःच्या सहीनं ‘एक कमी’ कशाला लिहील? चोर असा असतो? आणि चोर नव्हता तर ही इथं कशी?

पण सारखी अडायची ती निराळ्याच जागी. लोवेलनं एकच चिप नेली असेल, तर रमोननंही एकच नेली होती. एकानं गाव सोडलं, दुसऱ्याला नोकरी संपताना हॉटेलकडून सोन्याचं घड्याळ मिळालं.

आणि मग तिला तो दिवस आठवला. भुगा करण्याचा. लोवेल दुपारीच घरी आला होता, बुटांवर पांढरी पूड. व्हर्लीन बिस्किटांचं पीठ मळत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, टाळी वाजवली आणि दोन्ही तळवे तिला दाखवले. ती हसली होती. म्हणाली होती, "हा माझा खेळ आहे, तुझा नाही." तो हसला नाही. म्हणाला, "आता तुझे दाखव." तिनं दाखवले. त्यानं बराच वेळ बघितले आणि म्हणाला, "स्वच्छ आहेत." "अरे, पीठ लागलंय की सगळं," ती म्हणाली होती.

तेव्हा तिला ती थट्टा वाटली. आता काय वाटावं ते ठरेना. डबा तेव्हाही गॅरेजमध्येच असणार. हात दाखवताना तो खोटं बोलत होता का?

गुरुवारी डॉली आली. हातात दोन ब्लाउज, हँगरसकट.

"शनवारी कंचा घालू सांग. ह्यो निळा म्हंजी जरा मयताचा वाटतुय. ह्यो लाल घातला तर लोक कपाट सोडून मलाच बघत्याल."

"लाल घाल."

"तुझं तोंड का असं? कूलर बिघडला?" डॉलीला उत्तर नको होतं, ती बोलता बोलता खोलीभर फिरत होती, पेले उचलून उजेडात धरत होती. व्हर्लीननं चिप तिसऱ्या रांगेतल्या एका पेल्यात लपवली होती. तिसऱ्या रांगेत काही लपवलंय म्हटल्यावर डॉलीचा हात तिसऱ्याच रांगेत जायचा.

"आगं बया! ही कसली? पिकल्या पपईगत. आन् हिचं पाखरू झोपलंय जनू."

व्हर्लीनला खोटं बोलता आलं असतं. ‘खोटी आहे, ह्युबेलनं चेष्टा म्हणून दिली.’ वाक्य तोंडाशी तयारही होतं. पण सत्तावीस वर्षं त्या झाकणाखाली काय होतं ते दोघींना ठाऊक होतं, आणि आता त्यावर आणखी एक झाकण ठेवायची तिच्यात ताकद नव्हती. तिनं सगळं सांगितलं. कॉफीचा डबा, दुसरा संच, कागद, सही.

डॉली ४१४ नंबरच्या दाराला टेकून उभी राहिली. ब्लाउज हातातच.

"म्हंजी त्यानं बी एक नेली," ती म्हणाली.

"मला माहीत नाही, डॉली."

"माझ्या भावाला गावातनं हाकलला. माझी आय मेली तवा त्यो तिथं कुणाच्या तरी संडासाखाली पाइप पिळत हुता. वक्ताला पोचला न्हाई. आन् ह्यो..." तिनं चिपेकडं बोट केलं, जणू लोवेलच तिथं पडला होता. "सरळ लाकूड म्हनाले म्या. माझ्या तोंडानं."

"मी शनिवारी ती ठेवणार नाही. टाकून देते."

"आन् मग? म्या इसरू?" डॉलीनं निळा ब्लाउज खुर्चीवर टाकला, लाल घेतला आणि जाळीचं दार आपटून गेली. घरापुढून गाडी निघाल्यावरही ते दार दोनदा वाजलं.

शुक्रवारी सकाळी नऊला ती परत आली. हात रिकामे. तामाले नाहीत म्हटल्यावर व्हर्लीनच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुझा फोन कुठाय?" डॉली म्हणाली. "त्यो, बटन दाबलं की समद्यांना ऐकू येतो त्यो. राती म्या रमोनला लावला. म्हनलं, ऐक, तुझा तो साधू कसा निघाला. नारिंगी चिप म्हनाले, तर त्यानं पुन्ना इचारलं, नारिंगीच का. मग म्हनला, उद्या व्हर्लीनसमोर लाव, एकदाच सांगतो. आता तूच ऐक, मला तर कायबी समजंना."

फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मीठदाणीला टेकवून ठेवला. पलीकडं पाण्याचा आवाज. रमोन कामावर होता.

"व्हर्लीन? पाखराचं पंख मिटलंय का बघ."

"मिटलेत."

"तर ती मीच नेली," रमोन म्हणाला.

डॉली उभी होती ती बसली.

"त्या सालात ते खोकी जुन्या खोलीतनं नव्या खोलीत हलवत हुते," रमोन सांगू लागला. "उचलायला मी. एका खोक्याचं फळकूट तुटलं, त्यातनं ती पडली. मी म्हनलं, ही तर कुनीच पाहिली न्हाई! बुटात सारली. खोकी मोजून, तार वढून, सील मारून बंद झाली. सुट्टी झाल्यावर मीच येड्यागत लोवेलला दावली. म्हनलं, बघ गंमत."

"तूच दावलीस?" डॉली किंचाळली.

"दोस्त हुता माझा. त्याचं तोंड असं पांढरं पडलं! म्हनला, ही परत ठेवायची तर सील तोडाय लागंल, सील तोडायचं तर सरकारचं पत्र लागंल, आन् ते दुसऱ्या संचातली चोरी म्हनून लिहितील. तुरुंगच. मग बसला. मग काय म्हनला ठावं हाय? म्हनला, काहीच न करणं मला जमत न्हाई, आन् समदं करणं माझ्यानं हुनार न्हाई. मी अर्धं करतो."

"अर्धं म्हणजे?" व्हर्लीननं विचारलं.

"जाळीजवळ गेला, सोताच्या खिशातला एक डॉलर दिला आन् एक डॉलरची चिप घेतली. ती साहेबापुढं ठेवली. म्हनला, रमोन आर्चुलेताच्या बुटात ही सापडली. नोकरी गेली, पर तुरुंग चुकला. नारिंगी माझ्याकडनं काढून घेतली. मला वाटलं, फेकली असंल."

"आन् मला सांगायला तुझी जीभ झडली हुती?" डॉली.

"तुझं बी कार्ड हुतं ना. तिचं बी. त्यानं शपथ घातली. म्हनला, बायका टेबलावर हाईत, त्यांना कळलं तर त्यांना बी सांगाय लागंल, न सांगितलं तर त्या बी त्यात. त्यांचं हात आपण कशाला घाण करायचं? मला त्याचा राग हुता, व्हर्लीन. अजून बी हाय. पकडून दिलं म्हनून हाय, का वाचवलं म्हनून हाय, ते मला बी समजत न्हाई. थांब, इथं पानी सुटलं..."

पलीकडं काहीतरी धडाडधूम झालं, रमोननं कुणाला तरी शिवी दिली, आणि थोड्या वेळानं परत आवाज आला. "चालू हाय का? तर मग कार्डावर माझं नाव लिव्हा. मारिपोसाच्या कपाटात माझं नाव! आयला, आता मला चौसष्ट लागलं, कुठला शेरीफ येतोय?"

फोन बंद झाला तरी दोघी बसून राहिल्या. मधेच डॉली म्हणायची, "सोताच्या खिशातला डॉलर." मग परत, "म्हंजी चिप चोरली रमोननं. आन् एक डॉलरची विकत घेतली लोवेलनं. मग साहेबाला दावली ती चोरीची न्हाई, आन् चोरीची हुती ती दावली न्हाई. व्हर्ले, खरं कोन बोललं ह्यात?"

"मला विचारू नकोस," व्हर्लीन म्हणाली. "मला वाटलं होतं आज कळेल."

तिला राग येत होता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. सतरा वर्षं हा माणूस रोज त्या सील मारलेल्या खोक्यांवरून जात होता. परत ठेवता येईना, टाकून देता येईना. टाकून दिली असती तर मोजणीत एक कमी पडली तेव्हा ती कुठं आहे हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि लोवेलला ते सहन झालं नसतं. नाणंभर फरकासाठी जेवण टाकणारा माणूस, एवढा मोठा फरक गॅरेजमध्ये ठेवून तिच्याशेजारी झोपत होता. आणि ज्या दिवशी लिहून टाकता आलं, त्या दिवशी घरी येऊन त्यानं हात दाखवले. आपले, आणि तिचे बघितले. तिचे पिठानं भरलेले होते.

"सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?" ती मोठ्यानं म्हणाली. डॉलीनं वळून बघितलं. तिला वाटलं आपल्याला विचारलं. मग तिला कळलं, विचारलं ते लोवेलला, आणि तिनं उठून कॉफी टाकली.

लोवेलच्या गळक्या शाईपेनानं कार्ड लिहायला दोघींना अकरा वाजले. पहिलं कार्ड डॉलीनं फाडलं, त्यात फक्त रमोनचं नाव होतं. "त्यो एकटा का म्हनून?" दुसरं व्हर्लीननं फाडलं, त्यात फक्त लोवेलचं होतं. तिसऱ्यावर कॉफी सांडली. चौथं राहिलं.

शनिवारी वाचनालयात बरीच गर्दी झाली. पत्ते वाटणारे जुने डीलर, जुन्या वेट्रेसा, छतात पालथा पडून बघणारा एक म्हातारा, आता काठी टेकत. डॉली लाल ब्लाउजमध्ये होती आणि खरोखरच निम्मे लोक तिला बघत होते. ह्युबेलनं चिपेसाठी मखमलीचा तुकडा कापून आणला होता. कार्ड वाचलं, भिंगाशिवाय, मग भिंग लावून.

"मिसेस टॅकेट, हे असं चालणार नाही. ‘कुणाकडून’ इथं एकच नाव हवं. आणि हे खाली... हे काय लिहिलंय?"

"वाचा की."

त्यानं मोठ्यानं वाचलं. "रमोन आर्चुलेता यांनी नेली. लोवेल टॅकेट यांनी ठेवली. सहाशेतली कमी पडलेली ती हीच."

छतातला म्हातारा काठीवर वाकून पुढं आला आणि चिपेकडं बघत राहिला. "ही मी वरून कधीच पाहिली नाही," तो म्हणाला.

"आम्ही खालून बी न्हाई," डॉली म्हणाली.

ह्युबेल वाचनालयाच्या बाईंकडं विचारायला गेला. त्या म्हणाल्या, कार्ड भरलंय ना, मग झालं. व्हर्लीननं चिप मखमलीवर ठेवली, मिटलेलं फुलपाखरू वर करून. काचेचं दार लावलं, किल्ली फिरवली, किल्ली बाईंना दिली. मग सवयीनं टाळी वाजवली आणि तळवे वर केले.

वर पंखा फिरत होता. तिनं नेहमीसारखे हात पालथे केले नाहीत. तसेच धरून ती आपल्याच तळव्यांकडं बघत राहिली, एकीकडं, मग दुसरीकडं, जणू कुणीतरी तिला नीट बघायला सांगितलं होतं.

"काय बघतीस?" डॉलीनं विचारलं.

"स्वच्छ आहेत का गं?"

डॉलीनं तिचे दोन्ही हात धरले, उजेडाकडं केले, चष्मा कपाळावर ढकलून बारकाईनं बघितले.

"शाई लागलीया," ती म्हणाली.